कुठेही चालेल

कोचनं खांद्यावर हात ठेवून "घरचे कसे आहेत?" असं विचारलं, की बॅग भरायला घ्यावी, हे मी तिसऱ्या क्लबपर्यंत शिकलो होतो. गोव्यातल्या कोचनं सगळा सीझन माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं. एका सकाळी त्यानं आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पंधरवड्यात मी रेल्वे स्टेशनवर होतो. कोलकात्यात कोचनं स्वतः उठून माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी पूर्ण प्यायलो, कारण काय ऐकायला मिळणार ते मला आधीच कळलं होतं.

मी फुटबॉलमधला स्टॉपर. म्हणजे गोलकीपरच्या पुढचा, बाकी सगळ्यांच्या मागचा माणूस. कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळायला लागलो तेव्हा आमच्या वस्तादांनी एकच शिकवलं होतं, की समोरचा जे दाखवतो ते करणार नाही असं धरून चाल. हे मी इतकं मनापासून शिकलो, की मैदानाबाहेरही ते सुटलं नाही. पडल्यावर कुणी हात देऊन उठवलं तरी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते मी बघतो. बायको म्हणते, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा मी पलीकडे कोण आहे याची खात्री करायला वाकलो होतो. हे खोटं आहे, पण ती सगळ्यांना सांगते.

बायको लॅब टेक्निशियन आहे. माझ्या क्लबागणिक तिची एक नोकरी गेली. नव्या गावात लॅब शोधायची, नवी भाषा कानावर घ्यायची, कायम होण्याची वेळ आली की माझी बदली. म्हणजे बदली म्हणायचं आपलं, खरं तर मला काढलेलं असायचं. बेंगळुरूत जयनगरच्या एका लॅबनं तिला पहिल्यांदा कायम केलं. त्या दिवशी तिनं पेढे आणले, घरमालकिणीला दिले, खालच्या इस्त्रीवाल्याला दिले, आणि रात्री जेवताना म्हणाली, "इथं दोन वर्षं मिळाली तर लई बरं होईल." ती कधी काही मागत नाही. त्यामुळे त्या वर्षी मला करार वाढवून हवा होता आणि बाकी काही नको होतं.

आणि मग डिसेंबरात प्रॅक्टिस संपल्यावर कोचनं विचारलं, "घर आवडलं का? मिसेस रमल्या का बेंगळुरूत?"

चेहऱ्यावर काही न दाखवता मी म्हणालो, "कुठेही चालेल सर. आम्हाला सवय आहे."

हे उत्तर मी विचार करून ठरवलेलं होतं. पूर्वी एका क्लबात मी भाबडेपणानं सांगून बसलो होतो, की हे शहर फार आवडलं, इथंच राहायचंय. त्यांनी मला शेवटच्या आठवड्यापर्यंत झुलवत ठेवलं, तोवर बाकीच्या क्लबांच्या जागा भरल्या, आणि मग हात वर केले. तेव्हापासून काय हवंय ते मी कुणाला कळू देत नाही. बेंगळुरूच्या कोचनं त्यानंतरही विचारलं, एकदा बसमध्ये, एकदा जिममध्ये. दर वेळी मी तेच सांगितलं, आणि दर वेळी मला वाटलं, सुटलो.

पण संशय काही सुटेना. कोच एवढा गोड का बोलतोय? त्याला माझ्याबद्दल कोण सांगतंय?

माझ्याबरोबर दुसरा स्टॉपर होता तो बेंगळुरूजवळच्या आनेकलचा. वयानं माझ्याहून मोठा, टीममध्ये सगळे त्याला अण्णा म्हणत, मीही म्हणे. आम्ही हिंदीत बोलायचो, मैदानात मात्र तो कन्नडमध्ये ओरडायचा आणि मला ते कळायला लागलं होतं. खेळायला उत्तम माणूस. पण हा उत्तम माणूस जानेवारीपासून मला फार प्रश्न विचारायला लागला. भाडं किती, घरमालकीण बरी आहे का, बायको खूश आहे का, पुढचा काय विचार. एकदा आमच्या गॅसचा रेग्युलेटर बिघडला, तर बोलावलं नसताना घरी येऊन बसवून गेला. बसवताना त्यानं स्वयंपाकघर बघितलं, हॉल बघितला, वर माळ्याकडेही मान करून बघितलं. मी त्याला बघताना बघत होतो.

त्याच आठवड्यात तो कोचच्या गाडीतून उतरताना दिसला. मला बघून त्यानं हात केला. जास्तच मोकळेपणानं केला असं मला वाटलं.

त्यानंतर मी अण्णाला मार्क करायला लागलो, स्ट्रायकरला करतात तसंच. तो फिजिओशी बोलायला थांबला की मीही बुटाची लेस बांधायला थांबे. तो माझ्यासाठी थर्मासमधून कॉफी आणायचा, ती मी आधी त्याला प्यायला लावी. घरी हे सांगितलं तर बायको हसून लोटपोट. म्हणाली, "कॉफीत काय घालंल तो? जास्तीत जास्त साखर." मी म्हणालो, तुला या लोकांचं राजकारण माहीत नाही. ती म्हणाली, "मला दुधात पाणी किती ते कळतं, माणसात किती ते तुम्ही बघा."

फेब्रुवारीत एजंटचा फोन आला. ईशान्येकडच्या डोंगरातला एक क्लब विचारत होता, वर्षभराचा करार. मी गॅलरीत जाऊन बोललो. नाही म्हणू नकोस, हो पण म्हणू नकोस, असं त्याला सांगितलं. बायकोला काही सांगितलं नाही. इथला करार वाढला तर सांगायची गरजच पडणार नव्हती.

मार्चमध्ये अण्णानं आम्हा दोघांना आनेकलला जेवायला बोलावलं. घरावर नवा मजला चढवला होता त्याचं जेवण. नको म्हणायला मला कारण सापडेना. बसमध्ये मी बायकोला बजावलं, की तिथं कुणी विचारलं तर आपला काही ठरलेला विचार नाही म्हणायचं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते काय मला सांगायला पाहिजे होय?"

जेवण चांगलं होतं. नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि मटणाचा रस्सा. कोल्हापूरच्या माणसानं दुसऱ्या गावच्या मटणाला चांगलं म्हणणं म्हणजे काय, ते अण्णाला माहीत नव्हतं, त्यामुळे मी केलेलं कौतुक वायाच गेलं. जेवण झाल्यावर आम्ही नव्या मजल्याच्या गच्चीवर बसलो. अण्णा, त्याची बायको, आम्ही दोघं. अजून रंगाचा वास येत होता. अण्णा पान लावता लावता सहज म्हणाला, "तुझं कुठं ठरलं मग पुढच्या वर्षी?"

मी म्हणालो, "का? इथं काय झालं?"

"इथं तर दुसरा स्टॉपर घेतला ना. गेल्या आठवड्यात सही झाली. कोचनं तुला सांगितलं नाही अजून?"

माझा चेहरा बघून अण्णानं पान खाली ठेवलं. त्याला खरंच वाटत होतं की मला हे माहीत असणार. तो म्हणाला, "कोचला तूच पाहिजे होतास. मला विचारलं त्यानं, हा राहील का रे दोन वर्षं? मी सांगितलं, नाही राहणार."

गेले तीन महिने मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं. माझा संशय खरा निघाला होता. मला इतका राग आला की उठून उभाच राहिलो. विचारलं, "मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

अण्णा गोंधळला. "वाकडं कशाला? अरे, इतके क्लब बदललेला माणूस. कोच विचारतो तर तू म्हणतोस कुठेही चालेल. मी विचारलं तर बघू म्हणतोस. तुझ्या घरी आलो, तर हॉलमध्ये खोकी बांधलेली, भिंतीला एक खिळा नाही. मला वाटलं तुझं दुसरीकडे पक्कं झालंय, आता हा स्वल्प लाजतोय सांगायला. उगीच शेवटच्या दिवशी त्यांना तोंडघशी पाडलं असतंस, तर तुझंच नाव खराब झालं असतं. म्हणून सांगितलं."

त्याच्या बोलण्यात मी खोट शोधली. त्याचा चेहरा, हात, बायकोकडे टाकलेली नजर, सगळं तपासलं. काही मिळालं नाही. ज्यांच्यावर मी नजर ठेवून होतो ते सगळे माझ्यावर नजर ठेवून होते, आणि माझ्याइतकंच चुकत होते.

बायको अण्णाला हिंदीत म्हणाली, "खोकी मी ठेवली होती बांधून. ह्यांनी कधी उघडायला सांगितलं नाही, मी उघडली नाहीत." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "एकदा नुसतं म्हणायचं होतं, इथं राहायचंय म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी ते म्हटलं. कोचच्या खोलीत जाऊन, इकडचं तिकडचं न बोलता, सर मला बेंगळुरूत राहायचंय, मला हे शहर सोडायचं नाही, बाकावर बसवा पण ठेवा. त्या जुन्या भाबडेपणानंतर असं मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. कोच माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "हे एजंटनं सांगायला सांगितलं का? दुसरीकडे भाव वाढवायला?"

मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही हे मला दिसत होतं, कारण असं न पटणं कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे. त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि घरच्यांना नमस्कार सांगितला.

घरी येऊन बायकोला डोंगरातल्या क्लबचं सांगायला लागलो, तर म्हणाली, "माहीत आहे. फोन आला आणि तुम्ही गॅलरीत गेला, की गाव बदलतं. एवढ्या वर्षांत मला तेवढं तरी कळलंय."

"एक वर्षाचाच आहे करार," मी म्हणालो.

"तुम्ही जा. मी येत नाही." ती भांडून बोलत नव्हती. ताटं घेत होती. "माझी नोकरी इथं आहे. सुट्टी मिळाली की या."

मला वाटलं, रागात आहे, चार दिवसांत निवळेल. ती निवळली नाही आणि रागातही नव्हती. मी एकटाच गेलो.

डोंगरातल्या क्लबात माझा खेळ बरा झाला. संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. ती सांगायची, लॅबमध्ये सकाळची पाळी तिच्याकडे दिली. शेजारच्या बाईंकडून कन्नड लिहायला शिकतेय. मग एकदा म्हणाली, घर बदललं, लॅबजवळच दुसऱ्या मजल्यावर मिळालं, सामान मैत्रिणींनी मिळून हलवलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगतेय की आता. मागे कुणीतरी हसत होतं. कोण हसतंय असं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

सीझनच्या मध्यात आठवड्याची सुट्टी मिळाली. मी न कळवता निघालो. तिला आनंदाचा धक्का द्यायला, असं रूममेटला सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं. काय बघायचं होतं ते मला आज तरी नीट सांगता येणार नाही.

भर दुपारी जयनगरच्या त्या नव्या इमारतीच्या फाटकात रिक्षातून उतरलो. वॉचमननं आडवा हात धरला. "यारु बेकु?" कोण पाहिजे तुम्हाला?

मी फ्लॅटचा नंबर सांगितला.

"मॅडम कामावर आहेत. तुम्ही कोण?"

"नवरा."

त्यानं माझ्या बॅगेकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम एकट्या राहतात."

मी फोन काढून आमचा फोटो दाखवायला लागलो, तर त्यानं तो बघितलाही नाही. फोटो काय कुणीही दाखवतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. त्यानं मला त्याच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः फाटक अडवून उभा राहिला आणि तिला फोन लावला. तिनं उचलला नाही. लॅबमध्ये ती फोन ड्रॉवरमध्ये ठेवते. मी बसून राहिलो. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आत जाताना थांबल्या, वॉचमनला माझ्याबद्दल काहीतरी विचारलं, आणि माझ्याकडे वळून वळून बघत जिना चढून गेल्या.

बऱ्याच वेळानं तिचा उलटा फोन आला. वॉचमन कन्नडमध्ये बोलत होता आणि तीही पलीकडून भराभर कन्नडमध्ये बोलत होती, मला त्यातलं निम्मंही कळेना. मग ती हसल्याचं ऐकू आलं. वॉचमननं फोन माझ्याकडे दिला.

"कळवायचं तरी," ती म्हणाली. "किल्ली शेजारी आहे, वर जाऊन बसा. डब्यात चिवडा आहे. मला यायला सहा होतील." आणि मग विचारलं, "किती दिवस आहात?"

मी सांगितलं, रविवारी सकाळची फ्लाइट आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. ते बरं मी जिना चढताना मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. मी जाणार याचं तिला थोडं तरी वाईट वाटलं असेल असं त्यात काही सापडतंय का ते बघत होतो, आणि काही सापडलं नाही.