तिसरी लाल खूण

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बेल वाजवली की लोक आपणहून हातात देतात आणि वर म्हणतात, "मावशी, जपून हां, खालून गळतंय!" बिबवेवाडीतल्या एका सोसायटीची लाइन मी पंधरा वर्षं धरून आहे. तीन विंग, साठ घरं, रोजचा कचरा. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते. ती मधेच हसते, तेव्हा मला शंका येते की ही भलतंच काहीतरी लिहितेय.

शंका घ्यायची सवय मला वरून आलेल्या एका नियमाने लावली. लोकांच्या सवयी बदलायच्या होत्या म्हणे! ओला वेगळा द्यायचा, सुका वेगळा द्यायचा. तपासणीवाले साहेब अधूनमधून येणार, बादलीत डोकावणार आणि मोबाइलमध्ये हिरवी नाहीतर लाल खूण करणार. हे काम कुठल्याशा एजन्सीला दिलं होतं. एका सोसायटीला तीन लाल खुणा झाल्या की ती लाइन आमच्याकडून काढून ठेकेदाराच्या गाडीला द्यायची.

म्हणजे सवय लोकांची आणि शिक्षा आमची!

माझे गुडघे गेलेत. ही लाइन मला माझ्या सुनेच्या, रेखाच्या हातात द्यायची होती. माझा मुलगा गेल्यापासून तिचं घर ह्या साठ दारांवर चालतं. म्हणून त्या दिवसापासून मी कुणावर विश्वास ठेवला नाही. उगीच नाही, ऐका.

*

नियमाच्या पाठोपाठ बादल्या आल्या. दर घराला दोन, एक हिरवी आणि एक निळी, फुकट! वाटताना फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर साठ घरांतून एकही बादली बाहेर आली नाही. कचरा जुन्याच पिशवीत, सगळा एकत्र.

बी विंगच्या जोशीकाकूंना विचारलं, "काकू, हिरवी बादली कुठंय?"

"तिच्यात पीठ भरून ठेवलंय. झाकण काय घट्ट बसतं हो तिचं!"

"आणि निळी?"

"ती मुलीकडे पाठवली. तिच्याकडे पाणी दिवसाआड येतं."

शेजारच्या घरात निळ्या बादलीत बाळाची अंघोळ चालली होती. वरच्या मजल्यावर हिरवीत कढीपत्ता लावला होता.

मी म्हटलं, "अहो, त्या कचऱ्यासाठी दिल्यात."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बादली लांबवायलाच आले होते. "इतकी चांगली बादली? कचऱ्यात?"

त्याच आठवड्यात तपासणी झाली. पहिली लाल! साहेबांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीला बादल्या मिळाल्या नाहीत का?"

काकू दारातूनच म्हणाल्या, "मिळाल्या ना! छान आहेत. अजून येणार आहेत का?"

*

आम्ही सुका कचरा निवडतो त्या शेडवर एकदा एक माणूस आला. गळ्यात कार्ड, हातात टॅब. म्हणाला, "ताई, शहराच्या स्वच्छतेबद्दल नागरिकांचं मत घ्यायचंय. मोबाइल नंबर सांगा."

माझी जोडीदारीण कमळ पुढे झाली. मत द्यायची तिला हौस फार. तिने नंबर सांगितला आणि म्हणाली, "विचारा काय विचारायचं ते."

तो म्हणाला, "विचारायचं काही नाही. प्रश्न मी वाचतो, उत्तरं मीच भरतो. तुम्ही फक्त आलेला ओटीपी सांगा."

कमळने फोन पदराखाली घातला. "नाही सांगणार."

"अहो ताई, सरकारी काम आहे!"

"टीव्हीवर रोज सरकारच सांगतं, ओटीपी कुणालाही देऊ नका. तुम्ही म्हणता, सरकारला ओटीपी द्या. आधी तुमचं तुम्ही बसून ठरवा, मग या!"

तो माझ्याकडे वळला. "आजी, तुमचा नंबर?"

मी म्हटलं, "माझं मत चालेल का? ते ओटीपीशिवाय आहे."

त्याने टॅब बंद केला.

*

मग सोसायटीत शपथेचा कार्यक्रम झाला. सेक्रेटरी साने सर, रिटायर्ड मास्तर, माइकवर शपथ सांगत होते आणि सगळे हात पुढे करून म्हणत होते, 'मी कचरा वेगळा करीन!' एक लांबलचक पांढरं कापड आणलं होतं. त्यावर साठ घरांनी जाड पेनाने सह्या केल्या. नंतर इडली-चटणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापड आमच्याकडेच आलं! कागदी डिशा गुंडाळून, चटणीचे डाग पडलेलं.

कमळ म्हणाली, "गयाआक्का, ही शपथ ओल्यात टाकू का सुक्यात?"

चांगलं कापड टाकवेना. रेखाने ते धुतलं आणि ढकलगाडीला अडकवायला चार झोळ्या शिवल्या. डाग गेले. सह्या काही गेल्या नाहीत.

महिनाभराने सी विंगमधल्या एका बाईंनी खरकटं, बाटल्या, डायपर, सगळं एकत्र बांधून दिलं. रेखा म्हणाली, "ताई, तुम्ही वेगळा द्यायचं कबूल केलं होतं."

"मी? कधी?"

रेखा दहावीपर्यंत शिकलीय. तिने झोळी फिरवली आणि एका सहीवर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मी वाचून केली नव्हती!"

*

मग दारोदारी स्टिकर आले, ते काळे चौकोन असतात ना, तसले. कचरा घेतला की मोबाइलने तो चौकोन स्कॅन करायचा, म्हणजे आम्ही त्या दारापर्यंत गेलो हे वर कळतं. आमच्यावरही संशय होताच की!

ए विंगच्या परांजपे आजोबांची ठाम समजूत, की स्कॅन केलं म्हणजे खात्यातून पैसे जातात. भाजीवाल्याकडे जातात, मग इथेही जाणारच! रोज मी मोबाइल पुढे केला की आजोबा आत जाऊन बँकेचा मेसेज आला का बघायचे.

"अजून तरी काही गेलं नाहीये," असं माझ्याकडे रोखून बघत म्हणायचे.

आठव्या दिवशी त्यांनी स्टिकर सुरीने खरवडून काढला आणि सरळ समोरच्या दारावर चिकटवला. समोरच्या दारावर आता दोन झाले. मी पडले हुकमाची ताबेदार. दोन्ही रोज स्कॅन करत गेले.

तीन महिन्यांनी वॉर्ड ऑफिसकडून एक प्रमाणपत्र आलं. प्रभागातलं सर्वांत जागरूक कुटुंब, रोज दोनदा कचरा देणारं! समोरच्या घराला! सोनेरी काठ, मोठा शिक्का.

मी ते दाराखालून आत सरकवलं. ते घर आठ महिने बंद आहे. माणसं मुलाकडे अमेरिकेला असतात.

*

साने सरांचा संशय माझ्यावर. "गयाबाई, आम्ही इथे मरमर करून वेगळं करायचं आणि तुम्ही बाहेर गेल्यावर सगळं एकत्रच ओतत असणार!"

"या की एकदा बघायला," मी म्हटलं.

नुसतं येतील तर ते साने सर कसले! त्यांनी पाळत ठेवायचं ठरवलं. मी ढकलगाडी घेऊन निघाले आणि मागून सर स्कूटरवर, हेल्मेट घालून. आता म्हातारीच्या ढकलगाडीच्या वेगाने स्कूटर चालवणारा माणूस लपणार कसा? मी थांबले की ते थांबायचे. मी पदर सारखा केला की ते आरशात बघायचे. मार्केट यार्डाकडे वळेपर्यंत मागच्या टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला.

चौकात पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं. "काका, मगापासून बघतोय. त्या बाईच्या मागे का लागलाय?"

"मी कचरा बघतोय!"

"ह्या वयात?"

सरांचं हेल्मेट निघेना. पोलीस माझ्याकडे आला. "आजी, ह्यांना ओळखता का?"

मी वाकून हेल्मेटच्या काचेतून आत बघितलं. सरांचा चेहरा अगदी रडवेला झाला होता.

"ओळखते," मी म्हटलं. "ए विंग, दुसरा मजला. ओला-सुका एकत्र देतात."

*

दुसऱ्या तपासणीची बातमी सरांच्या व्हॉट्सअॅपवर तासभर आधीच फुटली. आदल्या दिवशी ए विंगमध्ये वाढदिवस झालेला, बादलीत केक, फुगे, थर्माकोल, काय म्हणाल ते. सर धावत खाली आले.

"गयाबाई, शेजारच्या सोसायटीचा ओला कचरा चांगला असतो म्हणे. दोन बादल्या मिळतील का? तपासणी झाली की परत देऊ."

"सर, कचरा उसना?"

"तुमच्याच सुनेसाठी म्हणतोय."

तिथे माझा नाइलाज झाला. एक लाल होऊन गेली होती. मी आणि रेखाने आमच्या दोन बादल्या मागे लपवल्या आणि शेजारच्या दोन उचलून आणून ठेवल्या.

साहेब आले. झाकण उघडलं. आत नुसती मक्याची कणसं! शेजारी मका-पार्टी झाली असावी.

"एका विंगेत इतकी कणसं?"

सर म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना फार आवडतात."

साहेबांचं बोट हिरव्याकडे चाललं होतं. इतक्यात फाटकातून शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई धापा टाकत आत आल्या. "साने सर! पुढची पाळी आमची आहे. साहेब तिकडे यायच्या आत आमचा कचरा परत करा!"

दुसरी लाल!

बादल्या नेताना त्या बाई आत वाकून बघत होत्या, सगळा आहे ना म्हणून.

*

आता उरली होती एक. तिसऱ्या तपासणीच्या दिवशी मी आणि रेखा साडेसहापासून दारं वाजवत होतो. सोसायटीने त्या दिवशी खरंच मन लावून कचरा दिला. साठच्या साठ घरांनी! देठं वेगळी, पुठ्ठे वेगळे. इतकं नीट की मलाच धास्ती वाटायला लागली.

सी विंगची ओल्याची बादली भरून आम्ही जिन्याखाली ठेवली. वरच्या मजल्याचा शेवटचा डबा राहिला होता. गुडघा अडला म्हणून रेखा मला धरायला वर आली. खाली पाच मिनिटं कुणी नव्हतं.

उतरून आलो तर साहेब मोटरसायकल उभी करून हात पुसत होते. लांबून येतात बिचारे, लोणी काळभोरच्याही पुढून. तिकडे कचऱ्याची गाडीच जात नाही म्हणे. साने सरही आले, मागोमाग फाटकावरचा वॉचमन. ए विंग बघितली, स्वच्छ. बी विंग, स्वच्छ. सी विंगचं झाकण उचललं आणि वरच एक काळी पिशवी! साहेबांनी काठीने फाडली. बटाट्याची सालं, दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची पाकिटं, ट्यूबलाइटची काच. सगळं एकत्र.

रेखाने भिंतीला हात टेकला.

"तिसरी," साहेब म्हणाले आणि मोबाइल काढला.

"थांबा!" मी म्हटलं. "ही पिशवी ह्या सोसायटीतली नाही."

"कशावरून?"

"गाठीवरून."

साने सर म्हणाले, "गयाबाई, गाठीवर काय नाव लिहिलेलं असतं?"

"नाव मला वाचता येत नाही. गाठ येते. पंधरा वर्षं सोडतेय."

सर मास्तरच ते! परीक्षा घेतल्याशिवाय राहतात होय? त्यांनी ढकलगाडीवरच्या सुक्याच्या पिशव्यांतून एक उचलली. "ही कुणाची?"

"बी, दोनशे तीन. बाई डावखुऱ्या आहेत, पीळ उलटा बसतो."

सरांनी पिशवी उघडली. आत कुरिअरचं पाकीट होतं, त्यावरचं नाव वाचलं. दोनशे तीनच!

"ही?"

"सी, चौथा मजला. दोन गाठी, वर फुलासारखं काढतात."

तेही बरोबर.

"आणि ही?"

"तुमची, सर. तिला गाठच नाही. नुसतं तोंड मुरगळून देता, मग रस्ताभर सांडत जातं."

वॉचमन हसला. साहेब हसले नाहीत. "बरं, मग ही काळी कुणाची?"

मी फाटलेली पिशवी हातात घेतली. तोंड अजून बांधलेलंच होतं. "दोन्ही कान ओढून एक गाठ. उरलेली टोकं खाली मुडपून आत खोचलेली. अशी गाठ घरातून दारापर्यंत कचरा न्यायला कुणी मारत नाही. लांब न्यायची पिशवी आहे ही. गाडीवरून."

मी साहेबांकडे वळले.

"साहेब, जेवणाचा डबा घरूनच आणता ना?"

"हो. का?"

"मोटरसायकलला डब्याची पिशवी अडकवलीय, ती जरा इकडे आणता? गाठ बघायची होती."

साहेब मोटरसायकलकडे गेले नाहीत. त्यांनी साने सरांकडे बघितलं, रेखाकडे बघितलं, मग मान खाली घालून मोबाइलवर बोट टेकवलं. रेखा शेजारीच उभी होती. तिने डोकावून बघितलं आणि माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. हिरवी!

साने सर आणि वॉचमन फाटकाकडे गेले, तसे साहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "आजी, ती काळी पिशवी... घेऊन जाल ना तेवढी?"

"नेईन की," मी म्हटलं. "आधी ओला-सुका वेगळा करून द्या."