शेवटून दुसरं प्रकरण

माझी बायको प्रेमकथा लिहिते. ख्रिस्ती प्रेमकथा. त्यात एक मुलगी असते, तिचा देवावर विश्वास असतो. एक मुलगा असतो, त्याचा नसतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं आणि मग दीडशे पानं ती त्याला नाही म्हणत राहते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्याच्यावर काहीतरी कोसळतं, आजार, अपघात, नाहीतर आईचं मरण, आणि तो गुडघे टेकतो. शेवटच्या प्रकरणात लग्न आणि एकच चुंबन, तेही चर्चच्या पाळकसाहेबांच्या देखत. अशी नऊ पुस्तकं तिनं लिहिली आणि नऊही मी वाचली, कारण मजकूर तपासायला तिला फुकटातला माणूस लागतो.

मी फ्रिज दुरुस्त करतो. देव मानत नाही. माझं त्याच्याशी भांडण नाही, ओळख नाही एवढंच. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिच्या आईकडचा फ्रिज दुरुस्त करायला गेलो तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या गिऱ्हाईकबाईंनी, मला विचारलं की तुम्ही कुठल्या चर्चला जाता, आणि मी सांगितलं की कुठल्याच नाही. ही दारात उभी राहून ऐकत होती. तरीही पुढच्या वर्षी तिनं माझ्याशी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. सासरे आले, पण फोटोत उभे राहिले नाहीत.

सकाळी ती दातांच्या दवाखान्यात खिडकीपाशी बसते. गाल धरून आलेल्या माणसांची नावं लिहून घेते, रडणाऱ्यांना पाणी देते. दुपारी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसते, फ्रिजकडे पाठ करून. फ्रिज घुरघुरतो. तो मी आज करतो, उद्या करतो म्हणत तसाच ठेवलाय. लिहिताना तिला हाक मारली तर ती ओ देते, पण आपण कोण आहोत हे तिला थोड्या वेळानं आठवतं. दवाखान्यात ती खिडकीवरची बाई आहे, माझ्या घरी माझी बायको आहे. त्या टेबलाशी मात्र ती स्वतःची असते, हे मलाही दिसतं.

रविवारी चर्चमध्ये ती एकटी जाते. तिसऱ्या बाकावर बसते आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पर्स ठेवते. ती जागा माझी. कोणी विचारलं तर मी कामावर असतो. अर्ध्या मंडळीची एव्हाना खात्री झाली असेल की फ्रिज फक्त रविवारीच बिघडतात.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण तिचे नायक माझ्या डोक्यात जातात. एक सुतार होता, एक डॉक्टर, एक चक्क पायलट, आणि सगळे मीच. सगळे फडक्यानं मान पुसतात. दूध ओतायच्या आधी सगळे त्याचा वास घेतात. कशालाच धड हो म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. पायलटसुद्धा विमान उतरवायच्या आधी खिशातून फडकं काढून मान पुसतो. आणि प्रत्येक वेळी ती शहाणी, सालस मुलगी डोळ्यांत पाणी आणून त्याला सांगते की तू आहेस तसा मला चालणार नाहीस. नऊ जणींनी मला नऊ वेळा हे ऐकवलंय, आणि त्या सगळ्या माझ्याच घरातल्या टेबलावरून उठून आल्यात.

एकदा मी तिला सरळ विचारलं, की मी आहे तसाच राहिलो असतो तर तुझ्या पुस्तकात माझं लग्न झालं असतं का. ती म्हणाली, पुस्तकांचे नियम असतात. मी विचारलं, आणि घराचे? तिनं घड्याळ बघितलं, दवाखान्याला उशीर होतोय म्हणाली आणि चप्पल घालून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला दुसरं काही नको होतं. तिनं पस्तावून संसार केला की आनंदानं, एवढंच माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

नवव्या पुस्तकाच्या वेळी ते सगळं वर आलं. तिचं प्रकाशनगृह म्हणजे तीन खोल्या आणि एक संपादकबाई. संपादकबाई मायाळू आहेत आणि त्यांचे नियम पोलादी आहेत. विश्वास ठेवणाऱ्यानं न ठेवणाऱ्याशी लग्न केलं तर मंडळीत त्या लग्नाला विजोड म्हणतात, आणि विजोड लग्न त्यांच्या पुस्तकात चालत नाही, लेखिकेच्या घरात तर नाहीच नाही. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि हिनं कधी सांगितलं नव्हतं. या पुस्तकाच्या प्रती छापून आल्या तेव्हा मागच्या बाजूला पहिल्यांदाच हिचा फोटो होता आणि खाली ओळ, की लेखिका आपल्या पतीसह प्रभूच्या सेवेत आहेत. मी जेवताना ते वाचलं. मी कोणाच्या सेवेत आहे हे मला पुस्तकाच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्याच दिवशी संपादकबाईंचा फोन आला. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला पतींनी पाच मिनिटं साक्ष द्यावी, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगावं, वाचकभगिनींना फार उत्सुकता आहे. ही फोनवर हो हो करत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, तू येऊच नकोस, कामावर आहेस म्हणून सांगते. कार्यक्रम रविवारीच होता.

ते 'कामावर' मला जास्त लागलं. पण मी विचार केला. खरं सांगितलं तर तिची पुस्तकं बंद. दुसरा कोणी तिचं छापणार नाही. मग ते टेबल नुसतं भाज्या चिरायचं टेबल होईल आणि तिच्याजवळ फक्त दवाखान्याची खिडकी उरेल. पाच मिनिटांच्या खोट्यानं ते वाचणार असेल तर माझ्या बापाचं काय जातं? देव असेलच तर तोही समजून घेईल. मी साक्ष पाठ करायला लागलो. लोकांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे डोकं घालून, प्रभू मी हरलो, प्रभू मी हरलो. एका गिऱ्हाईकानं येऊन विचारलं, इतका मोठा बिघाड आहे का.

तिला यातलं काही सांगितलं नाही. फक्त येतो म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि सदऱ्याला इस्त्री केली.

चर्चच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बायकाच बायका. सगळ्या माझ्या मानेकडे बघत होत्या. एका आजींनी चहा दिला आणि दुधाचं भांडं पुढे केलं. मी सवयीनं त्याचा वास घेतला. चार बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी पोटात जावं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, संपादकबाई पुस्तकाबद्दल बोलल्या, मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उठलो. घसा साफ केला. तेवढ्यात हिनं पुढे होऊन माईक हातात घेतला.

"यांना साक्ष द्यायला लावू नका," ती म्हणाली. "हे विश्वास ठेवत नाहीत. पुस्तकाच्या मागे छापलंय ते खरं नाही, आणि मी गप्प बसले. त्याबद्दल मी देवाची क्षमा मागितली आहे, तुमचीही मागते. यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते आणि करत राहणार. पण माझ्या नायिका माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. त्या थांबतात. मी थांबले नाही." मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "आणि साहेब, या एका गोष्टीचा मला पश्चात्ताप होत नाही. करून बघितला. होत नाही."

संपादकबाईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. पाळकसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते. ही जाऊन बसली आणि मी उभाच. मला जे बावीस वर्षं ऐकायचं होतं ते तिनं भरल्या हॉलला सांगितलं, मला एकट्याला कधी सांगितलं नव्हतं. मी आनंदानं वेडा व्हायला हवं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

पुस्तकांची खोकी न उघडताच टेबलाखाली गेली. दहावं पुस्तक पाठवण्याची तसदी घेऊ नये, असं संपादकबाईंनी दारातच अतिशय प्रेमानं सांगितलं.

बसच्या थांब्यावर मी तिच्यावर भडकलो. एवढं करायची गरज काय होती, मी पाठ केलं होतं, सगळं निभावून नेलं असतं. तिला कळेना मी काय पाठ केलं. म्हटलं, साक्ष. ती म्हणाली, म्हणून दाखव. मी तिथेच, दोन अनोळखी माणसांच्या समोर, अख्खी साक्ष म्हणून दाखवली. प्रभू मी हरलो, माझ्या अंधारात तू दिवा होऊन आलास, आता हे हात तुझे. मजकूर तपासताना मी बसतो तशी मान कलती करून तिनं ऐकलं.

"खोटं वाटतंय," ती म्हणाली. "कुठलाच पुरुष असं बोलत नाही. तू तर नाहीच."

"तुझंच आहे ते. सातवं पुस्तक, शेवटून दुसरं प्रकरण. पायलट."

बस आली. ती चढली नाही, म्हणून मीही चढलो नाही.

त्यानंतर कित्येक आठवडे टेबल रिकामं राहिलं. दुपारी ती घरी येऊन भांडी घासायची, आधीच घासलेली. मी वैतागून म्हणायचो, लिही, छापायचं नंतर बघू. ती हं म्हणायची. रविवारी मात्र चुकली नाही. बायका तिच्याशी जपून बोलतात, आणि पर्स अजून त्याच जागेवर असते. मी ते विचारलं तर म्हणाली, जागा तुझीच आहे, तू नसलास तरी.

परवा मी शेवटी आमचा फ्रिज पुढे ओढून उघडला होता. ती टेबलाशी येऊन बसली. वही नाही, काही नाही. बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत असणार.

"तू विश्वास ठेवत नाहीस," ती म्हणाली, "तर मग मला ताप येतो तेव्हा रात्रभर तू काय करतोस? तुला येतो तेव्हा मी तर प्रार्थना करते. तू काय करतोस?"

नऊ पुस्तकांत तिनं माझ्या तोंडी एवढं घातलं, पण हे मला तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी फडक्यानं मान पुसली. बघू, म्हणालो. ती उठली नाही. हनुवटीखाली हात घेऊन वाट बघत बसली.