आजार घरी नेऊ नका

‘हात धुवा, आजार घरी नेऊ नका.’ ही पाटी आठवली की आजही माझं डोकं सणकतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. उल्हासनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते. वॉर्डात कुणी धड हात धूत नव्हतं, म्हणून मेट्रनबाईंनी बाहेर पडायच्या दाराशी स्टँड ठेवला. त्यावर पाण्याचं तसराळं, वासाचा साबण आणि वर ही पाटी. आणि काय सांगू, लागू पडली! बदलापूरला घरी जाणाऱ्या आयापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे निघताना कोपरापर्यंत हात घासायला लागले. घरी प्रत्येकाची पोरं होती ना. मॅनेजमेंटने मेट्रनबाईंना पुष्पगुच्छ दिला. डोंबलाचं यश! पेशंटला हात लावायच्या आधी कोण धुतंय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

मग माझी आई तिथेच ॲडमिट झाली. पोटाचं ऑपरेशन, त्यात शुगर. जखम चिघळली तर जिवावर बेतेल हे मला पक्कं ठाऊक होतं. ग्लोव्हज ऑपरेशनपुरतेच मिळायचे. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी शेजारच्या बाईच्या गळवाची पट्टी सोडली आणि त्याच हातांनी आईची पट्टी उचलली. मग दाराशी जाऊन साबण लावून स्वच्छ हात धुतले. आई एकटक बघत होती. आम्ही बौद्ध. तिच्या लहानपणी गावात तिचा धक्का लागला तर माणसं अंघोळ करायची. हे डॉक्टर कुणाची जात विचारत नसत, सगळ्यांशी असंच वागत. म्हणून काय मी गप्प बसायचं?

दोन दिवसांनी पुन्हा पट्टी बदलायची होती, त्या राउंडच्या आधी मी तो स्टँड ओढत आणला आणि आईच्या कॉटला आडवा लावला. मेट्रनबाई म्हणाल्या, येता-जाता लोक अडखळतील. म्हटलं, अडखळू देत.

डॉक्टर अडखळलेच. समोर पाणी दिसलं, त्यांनी हात घातले, साबण लावला. ना वाद, ना प्रश्न. तेव्हा तर मी आणखीच भडकले. एवढंच करायचं होतं? स्टँड आत सरकवायचा, बस? आणि ते कळायला माझ्या आईचं पोट हवं होतं?

त्यांनी पट्टी सोडली. टाक्यांत पू धरला होता. टाके उघडावे लागतील, असं ते हळूच म्हणाले.

आईने आधी त्यांच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“आमाला शिवल्यावर हात धुणारे लई पाहिले, डॉक्टर. शिवायच्या आधी धुणारे तुमीच पहिले. पर जरा उशीर केलात.”