आईचा शिक्का कुणाच्या हातात?

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, जपानमधल्या उरायासु गावातल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर, शालिनी देवधर यांच्यावर अन्याय झाला. त्या तेव्हा घरी पोळ्या लाटत होत्या.

जपानमध्ये सहीच्या जागी हान्को चालतो, म्हणजे नावाचा करंगळीएवढा शिक्का. ॲडमिशनच्या फॉर्मवर प्रश्न होता : आजाराचं नाव पेशंटला सांगावं का? मुलानं, निखिलनं, ‘नको’ला गोल केला आणि खाली आईचा हान्को उमटवला. कागद पूर्ण झाला. जपानमध्ये कागद पूर्ण झाला की सगळ्यांना शांत झोप लागते.

मी मेडिकल इंटरप्रिटर. डॉक्टरांचं जपानी पेशंटला मराठीत सांगायचं, पेशंटचं मराठी डॉक्टरांना जपानीत. पदरचं घालायचं नाही, पोटात ठेवायचं नाही. पेशंटसमोर कुणीही काही बोललं तरी ते पेशंटला कळलंच पाहिजे, हा आमचा पहिला नियम.

बुधवारी कॉरिडॉरमध्ये निखिलनं मला गाठलं. “तू फक्त ‘गाठ’ म्हण. आईचं बीपी आहे. परवा ऑपरेशन झालं की सांगू सावकाश.”

“खोलीत जे बोलाल ते मी त्यांना सांगणार.”

“हो गं, ते प्रोसिजर वगैरे असतंच.”

बातमी तोवर सुनेला, पुण्याच्या मावशीला, फॅमिली ग्रुपला आणि मराठी मंडळातल्या दोन काकूंना कळली होती. एक काकू सूप घेऊन येऊनही गेल्या. राहिलं होतं ते फक्त जिचं पोट फाडायचं तिला सांगायचं.

आत शालिनीताईंसमोर मोरी-सेन्सेईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, फाईल उघडली. तेवढ्यात निखिल घाईघाईनं जपानीत काहीतरी बोलला. मी शालिनीताईंकडे वळले. “तुमचा मुलगा म्हणतोय, कॅन्सर आहे हे आईला सांगू नका.”

“कुणाला कॅन्सर?”

“आई, बीपीची गोळी घेतलीस का?”

“गोळी राहू दे. कुणाला?”

मी हे सगळं जपानीत सांगितलं. सेन्सेईंनी गोंधळून फॉर्म पुढे केला. “पण यांनीच लिहून दिलंय, सांगू नका म्हणून.”

शालिनीताईंनी चष्मा लावला. ठसा नीट पाहिला. “हा बँकेसाठी केलेला शिक्का. निखिल, जिल्हा परिषदेत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली मी. न वाचता शिक्का मारला नाही. आणि दुसऱ्याचा तर कधीच नाही.”

“तुझ्या भल्यासाठीच केलं गं.”

“मग माझ्या भल्याची फाईल माझ्या टेबलावर का नाही आली?”

हेही मी सांगितलं. सेन्सेई खुर्चीत सरळ बसले. ताईंनी तीनच प्रश्न विचारले : कुठे आहे, किती पसरलाय, ऑपरेशन नाही केलं तर काय. सेन्सेईंची उत्तरं मी मराठीत सांगितली : आतड्यात आहे, शेजारच्या काही लसिका ग्रंथींपर्यंत गेलाय, नाही केलं तर वाढेल.  ताई म्हणाल्या, “शुक्रवारी नको. सोमवारी करा. मला आणखी तीन दिवस हवेत.”

“कशाला, आई?”

“तुला सगळं सांगायलाच हवं का?”

सोमवारी ऑपरेशन झालं. आता केमो चालू आहे. हान्को त्यांच्या पर्समध्ये असतो. मला काम देणाऱ्या एजन्सीकडून मेल आला : कुटुंबीयांच्या भावना जपाव्यात. मी उलट विचारलं, कुटुंबीयांत पेशंट मोजता का? 

मी शिकले ते एवढंच : खरं ऐकण्याइतकं धैर्य बहुतेकदा पेशंटकडेच असतं. बाकीच्यांचं बीपी तपासावं.

तुमच्याही आईचा शिक्का, सही केलेला कोरा कागद किंवा ओटीपी येणारा फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल. आत्ता उठा. तिच्या हातात नेऊन द्या. आणि तिच्याबद्दल सगळ्यांना जे माहीत आहे, ते तिलाही सांगा.