आवडाबाईचे सापळे

कन्नडजवळच्या एकाच वावरात बद्रीनाथ आणि आवडाबाईनं दोन पक्ष केले होते. मधल्या पाटाच्या अलीकडचा कापूस बायकोचा, पलीकडचा नवऱ्याचा. ज्याची वेचणी सरस, त्याच्या शब्दानं पुढच्या साली सगळं वावर चालायचं, असं बन्सीच्या देखत ठरलं. बन्सी बांधापलीकडचा शेजारी. स्वतःचं तण सोडून त्याला सगळ्यांच्या पिकाची काळजी.

आवडाबाई शेतीशाळेत शिकली तशी वागली. ओळी जवळ घेतल्या आणि बोंडअळीसाठी सापळे आणले. काठीला टोपी, टोपीखाली लांब पिशवी. टोपीत मादीच्या वासाची इवली गोळी बसवायची. नर पतंग वासानं येतो आणि पिशवीत पडतो.

"बाईच्या वासानं जीव देतो," बन्सी म्हणाला. "बद्रीभाऊ, तुमच्याच भावकीतला दिसतो!"

"मी नाय जात कुठं," बद्रीनाथ म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

काठ्या ठोकायला आवडाबाईनं त्यालाच बोलावलं. ठोकल्या मात्र झकास, एकही डुगडुगली नाही. कामाला माणूस खोटा नव्हता. मग त्यानं तंबाखूची चिमूट गालात सारली आणि त्याच बोटांनी एकेक गोळी बसवली.

आवडाबाई रोज सकाळी पिशव्या तपासायची. रिकाम्या. पतंग नाही म्हणजे अळी नाही, म्हणून तिनं फवारणी टाळली.

"मच्छर बी नाय घावला," बद्रीनाथ खूश होता. "दे त्या पिशव्या, बाजारातून वांगी आणतो."

एका सकाळी तिला एक फूल दिसलं. उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. तिनं ते फोडलं. आत गुलाबी अळी आरामात बसली होती. तिनं सापळ्याची टोपी काढली, गोळी नाकाशी नेली आणि शिंकली.

"अवो, ह्या गोळ्या बसवताना हात धुतले व्हते का?"

"कशाला? काय जेवायला बसायचं व्हतं?"

"मंग त्या पतंगाची बायको तंबाखू खाती का?"

बन्सी बांधावर लोळून हसला.

आवडाबाईनं साबणानं हात धुऊन नव्या गोळ्या बसवल्या. दुसऱ्याच सकाळी पिशव्यांत पतंगांचा खच. मग तिनं वेळेवर फवारलं आणि ओळीओळीनं डोमकळ्या खुडल्या. नवऱ्यालाही जुंपलं. "वास तुमचा, तुमीच वाका." तो वाकला. पाठ धरली तरी ओळ अर्धी सोडली नाही. पण पाटापलीकडच्या आपल्या कापसात एक कळी खुडली नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

वेचणीला निकाल लागला. आवडाबाईच्या काही ओळी अळीनं खाल्ल्याच, पण बाकीचं बोंड भरून फुटलं. बद्रीनाथच्या बोंडांत निम्मी कवडी, म्हणजे किडका, पिवळा, बोंडाला चिकटून बसलेला कापूस.

बन्सीनं एक कवडी उन्हात धरली. "बद्रीभाऊ, हुबेहूब तुमचे दात."

बद्रीनाथनं ओठ मिटून दात झाकले.

पुढच्या हंगामात त्यानं पाटाच्या दोन्ही बाजूंना काठ्या ठोकल्या आणि बायकोपुढं उभा राहिला.

"गोळ्या दे."

"आधी हात."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. आवडाबाईनं ते हुंगले.

"जावा. परत धुवा."

तो पाटाकडं निघाला.

"आन् तोंडातलं बी थुका!"