घोरणाऱ्यांच्या बाई

श्रीगोंद्याच्या दातवाल्या बाईंना माणसांचा तिटकारा होता आणि तो लपवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. पेशंटनं तोंड उघडलं, आत आरसा गेला, की पहिल्यांदा त्यांचा सुस्कारा ऐकू येई. "हे दात आहेत की फुटका बांध?" तंबाखूवाल्याला म्हणत, "थुंकून या. आणि आलाच नाहीत तरी चालेल." तरी बाकावर जागा मिळत नसे, कारण जीभ जड असली तरी बाईंचा हात फार हलका होता. दाढ निघाल्याचं माणसाला घरी गेल्यावर कळे. अपमान मात्र तिथल्या तिथे कळे.

मी शाळामास्तर. एका वर्षी भर दुपारी मोटरसायकल चालवताना माझा डोळा लागला आणि गाडी बायकोसकट उसात शिरली. तिचं मनगट मोडलं. कुत्रं आडवं आलं, असं मी गावभर सांगितलं. महिन्याभरानं तिची दाढ दुखू लागली म्हणून बाईंकडे गेलो, तर बाकावर बसल्या बसल्या मी घोरायला लागलो. बाई हातमोजे काढत बाहेर आल्या.

"हे कोणाचं?"

"माझंच," बायको म्हणाली.

"आणि हाताला काय झालं?"

"कुत्रं आडवं आलं," मी डोळे चोळत म्हणालो.

"कुत्रंबित्रं काही नव्हतं," बायको म्हणाली. "हे गाडीवर झोपले होते."

बाईंनी तिची दाढ नंतर बघायची ठरवली आणि आधी मला खुर्चीत बसवलं. "जीभ बैलाची आणि जबडा उंदराचा," त्या म्हणाल्या. "झोपलात की जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. जीव घुसमटला की तुम्ही अर्धवट जागे होता. रात्रभर हाच धंदा, म्हणून दिवसा डुलक्या. आणि नाव कुत्र्याचं!"

त्यांनी मला नगरच्या झोपेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बोटाला चिमटा आणि नाकाला नळ्या लावून एक रात्र झोपलो. श्वास खरंच थांबत होता. दुखणं मध्यम निघालं. डॉक्टरांनी झोपेत नाकात हवा सोडत राहणारं मशीन दिलं. त्याच्या मास्कशी मी महिनाभर भांडलो आणि हरलो. मग डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर बाईंनी माझ्या दातांचे साचे घेतले. पारदर्शक पट्ट्या आल्या, एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही एकमेकींना अशा जोडलेल्या, की झोपेत खालचा जबडा थोडा पुढे राहावा आणि घशातली वाट उघडी राहावी. बाई दर खेपेला त्यातला बारीक स्क्रू केसभर फिरवत आणि जबडा आणखी जरासा पुढे नेत.

सुरुवातीला उशी लाळेनं भिजायची, सकाळी जबडा ठणकायचा, चहाच्या वेळेपर्यंत वरचे दात खालच्यांना ओळख द्यायचे नाहीत. मी तक्रार केली. बाई म्हणाल्या, "बायकोचं मनगट दुखलं नव्हतं वाटतं?" मी पुन्हा तक्रार केली नाही. काही महिन्यांनी पट्ट्या घालून तपासणी पुन्हा केली. रिपोर्ट चांगला आला. तो वाचून बाई म्हणाल्या, "आता निदान जागेपणी मूर्खपणा कराल." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

एकदा मी स्क्रू फिरवून घ्यायला गेलो असताना तात्या आले. तात्या म्हणजे एका साखर कारखान्याचे माजी संचालक. मान बैलासारखी, बरोबर चार माणसं. सभेत भाषण करता करता ते उभ्यानं पेंगत आणि लोक त्यालाही टाळ्या देत.

"बाई, मास्तरला दिलं तसलं यंत्र आमाला बी द्या. घरची लई कटकट करती. पर खरं सांगू का, आमचं घोरनं म्हंजी वाघाचं!"

"वाघ श्वास घ्यायचा विसरत नाही," बाई म्हणाल्या. "आधी नगरला तपासणी. तुमचं दुखणं मोठं दिसतंय. नुसत्या पट्टीवर भागायचं नाही, मशीन लागेल."

"ती नळ्याबिळ्यांची भानगड नको."

"मग मरा. पण माझ्या दारात नको."

चार माणसांसमोर तात्यांचा चेहरा काळवंडला. ते उठून गेले. मला तेव्हा फार मजा वाटली. घरी येऊन मी बायकोला नक्कल करून दाखवली. तात्यांनी परगावच्या कुठल्याशा दवाखान्यात तपासणीशिवायच पट्ट्या करून घेतल्या. घोरणं थांबलं. "बाईचं नाक कापलं," असं ते चौकात सांगत फिरले. पण आवाज गेला तरी श्वास अडकतच होता. वर्ष सरायच्या आत ते झोपेतच गेले.

बाईंनी त्या दिवशी दवाखाना उघडला नाही. पुढे मी गेलो तेव्हा स्क्रू फिरवता फिरवता म्हणाल्या, "मी बरोबर होते, मास्तर. काय उपयोग? अपमान झालेला माणूस शहाणा होत नाही. तो दुसरीकडे जातो." त्यानंतर आठवडाभर त्यांनी गोड बोलून पाहिलं. पेशंट घाबरले. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मला कॅन्सरबिन्सर तर न्हाई ना?" बाईंनी तो नाद सोडला.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. हात हलला त्या दिवशी दवाखाना कायमचा बंद, असं त्यांनी ठरवलेलंच होतं. निरोपसमारंभाला त्यांनी नकार दिला. पुण्याला बहिणीकडे जायला गाडी दारात उभी होती, मी खोकी ठेवू लागत होतो, तेवढ्यात तात्यांच्या बायको आल्या. हातात बागेतल्या लिंबांची पिशवी, मागे मुलगा आणि सून.

"बाई, तुमी खरं तेच बोल्ला," त्या म्हणाल्या. "पर त्यांच्याऐवजी मला सांगितलं असतं, तर मी वढून नेलं असतं नगरला."

सगळ्या गावाला उत्तर देणाऱ्या बाईंनी पुढे होऊन लिंबांची पिशवी हातात घेतली. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

"पोरगा बी तसाच घोरतो. मधीच दम आडकतो, मग दचकून उठतो."

खुर्ची केव्हाच विकली गेली होती. बाईंनी त्याला पायरीवर बसवलं, मोबाईलच्या उजेडात घसा पाहिला. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. नगरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "पुणं उद्या. आज नगर."

मुलगा ऐटीत पुढचं दार उघडू लागला.

"तू मागे बस," बाई म्हणाल्या आणि सुनेला हाताला धरून पुढे बसवलं. स्वतः तिच्या पाठीमागच्या सीटवर बसल्या, पुढे वाकल्या आणि गाडी हलायच्या आतच तिला विचारू लागल्या, "आता सांग बाळ, हा झोपतो तेव्हा तुला काय काय ऐकू येतं?"