तंगमची बाहुली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही — त्याला माहीत असणारच, पण मी आपणहून बोलले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्या घरातल्या मुलांनी माझं गोष्टींचं पुस्तक वाचलं असेल.

त्यातली पहिलीच गोष्ट मान डोलावणाऱ्या बाहुलीची. राजाच्या महालात मातीची एक बाहुली असते. कोणी काही विचारो, ती मान डोलावते, म्हणून सगळ्यांची लाडकी. खरा मित्र मात्र एकच — खिडकीत येणारा पोपट. एक दिवस राजाचा हार हरवतो आणि आळ पोपटावर येतो. राजा बाहुलीला विचारतो, यानंच चोरला ना? आणि जन्मभर डोलणारी मान ती थांबवते. इतका जोर लावून, की मानेला तडा जातो. पोपट सुटतो. बाहुली पुन्हा कधी डोलत नाही.

आमच्या तंजावुरात अशा बाहुल्या घरोघरी. नवरात्रात बाहुल्या मांडल्या, की गल्लीतली मुलं त्यांच्यासमोर बसून हीच गोष्ट मागतात. सांगून झाल्यावर मी वर उपदेशही करते — मित्रासाठी खरं बोलावं. कोणत्या तोंडानं करते?

गोष्ट माझी नाही. पुस्तकातल्या बाकीच्या माझ्या आहेत. त्या कोणी मागत नाही.

ही तंगमची. ती माझ्या वर्गात होती, बाहुल्या करणाऱ्याची मुलगी. बापाशेजारी बसून बाहुल्यांचे डोळे रंगवायची आणि रंगवता रंगवता मला गोष्टी सांगायची. माझ्यावर तिचा फार जीव होता. माझाही होता — हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

एकदा शाळेत तपासणीला दोरसाणी आली, गोरी बाई. प्रत्येक मुलीनं स्वतः रचलेली एक गोष्ट सांगायची. जिची आवडेल तिला मास्तरीण होण्यासाठी मद्रासला पाठवणार. तंगमनं महिनाभर हीच गोष्ट घोकली होती, माझ्यासमोर. माझं नाव आधी पुकारलं गेलं. मी उभी राहिले. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं — आणि तोंडातून बाहुली बाहेर पडली.

मग तंगमची पाळी आली. तिच्याकडे दुसरं होतंच काय? तिनं तीच गोष्ट सुरू केली. मुली हसल्या. आमच्या बाई चिडल्या, दोघींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुम्ही राजवाड्याकडची मराठी माणसं. राजा-महालाची ही गोष्ट तूच रचलेली असणार, होय ना?"

तंगम माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती ती. मी खरं सांगणार याची तिला खात्री होती.

मी मान डोलावली.

तंगमला वर्गाबाहेर उभं केलं. आठवड्याभरात बापानं शाळेतून काढलं. मी मद्रासला गेले, मास्तरीण झाले, पुस्तक छापलं. लहान होते म्हणू? पुस्तक छापलं तेव्हा माझे केस पिकले होते.

अजून आहे. परवा गोष्ट संपली तेव्हा एक नवी पोर पुढे आली. इथली मुलं आजीला पाटी म्हणतात. "पाटी, ही गोष्ट माझी पाटीपण सांगते. तुमच्याकडूनच ऐकली ना तिनं?" कोणाची गं तू, विचारलं, तर तंगमची नात. तिचेच डोळे, तसेच माझ्यावर रोखलेले.

मी पुन्हा मान डोलावली. या वयात. मला मद्रासला जायचं नव्हतं, काही मिळवायचं नव्हतं. तरी.

उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. नातीला समोर बसवणार आणि तिच्या पाटीच्या देखत सांगणार, की गोष्ट हिची, चोर मी. पुढे तंगम काय म्हणेल ते म्हणेल. डोळे रंगवून रंगवून तिला आता दिसत नाही, असं पोर म्हणाली. मान हलवून भागणार नाही.